पोटात मणी नसलेला मोती

"याच्या पोटात मणी आहे का?" अष्टेकर गुरुजींनी विचारलं आणि बाबांचा चेहरा उतरला.

सोमवारची सकाळ होती. गुरुजी आमच्या दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसले होते. समोर कच्च्या दुधाची वाटी, वाटीत चांदीची अंगठी, आणि अंगठीत हा एवढा थोरला ऑस्ट्रेलियाचा साउथ सी मोती. बाबांनी तो ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हातापाया पडून मुंबईहून मागवला होता. त्याला असं पाणी होतं की दुधात बुडूनही तो दुधाहून वेगळा दिसत होता.

"आहे," बाबा म्हणाले. बाबा मोत्यांच्या बाबतीत कधी खोटं बोलत नाहीत. बाकी कशाच्या बाबतीत बोलतात ते आईला विचारा.

गुरुजींनी अंगठी दुधातून काढली, पंच्याच्या टोकाला पुसली आणि परत बाबांच्या हातात ठेवली. "मुकुंदराव, माणसाने आत मणी घालायचा, शिंपल्याने वरून लेप द्यायचा, आणि आपण म्हणायचं चंद्राचं रत्न. चंद्र एवढा खुळा आहे का?"

मागच्या खोलीत, पडद्यापलीकडे, माझी सुनूआत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी चालला होता. ती आमचं बोलणं ऐकत होती का, ते कळायला मार्ग नव्हता, कारण उन्हाळ्यापासून ती हो, नाही आणि नको याखेरीज काही बोलतच नव्हती.

आता मी दहावीत आहे आणि वर्गात माझा हात खाली राहत नाही. वक्तृत्वाला पहिली येते, सरांनाही उलट प्रश्न विचारते. तेव्हा मात्र मी आठवीत होते आणि घरात मला एकच काम नेमून दिलेलं होतं, ते म्हणजे गप्प बसणं. माझ्यासारख्या मुलीला याहून मोठी शिक्षा कुठली, तुम्हीच सांगा.

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर सोनं विकणारी दुकानं पुष्कळ, पण नुसत्या मोत्यांवर जगणारं आमचंच. पोतदार मोतीवाले. खाली दुकान, मागे एक खोली, वर आम्ही. इतर घरांत पोरांना बिस्किटांची नावं पाठ असतात तशी मला मोत्यांची पाठ होती. अकोया म्हणजे जपानी, लहानसा, गोल गरगरीत, आरशासारखा चकचकीत. साउथ सी म्हणजे सगळ्यांत मोठा, पांढरा नाहीतर सोनेरी, मऊ उजेडाचा. ताहितीचा काळा, पण नीट बघितलं तर त्यात मोरपीस दिसतं. आणि गोड्या पाण्याचा म्हणजे चीनच्या तळ्यांतला, तांदळापासून बटाट्यापर्यंत कुठल्याही आकाराचा. हे सगळे कल्चरचे, म्हणजे माणसाने शिंपल्याकडून करवून घेतलेले. आपोआप झालेला तो बसऱ्याचा. तो आता जुन्या नथींमध्ये आणि म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यातच सापडतो.

गिऱ्हाइकाला समजावून सांगायची बाबांना फार हौस. अकोयाचा मधोमध कापलेला एक मोती त्यांनी डबीत ठेवलेला असायचा. तो दाखवायचे. हा आतला मणी, हा वरचा थर. जिवंत शिंपला किलकिला करतात, चिरतात, आत मणी ठेवतात आणि परत समुद्रात सोडतात. ऑपरेशनच म्हणा ना. कित्येक शिंपल्यांना ते सोसत नाही. ऐकताना बायका चुकचुकायच्या आणि मग तन्मणी घेऊन जायच्या.

मागच्या खोलीत हे रोज ऐकू यायचं. पण ते आमच्या ध्यानात यायला वेळ लागला.

सुनूआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. आजी-आजोबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे आम्हीच. पहिल्या बाळंतपणाला ती कराडहून आमच्याकडे आली तेव्हा मी नुसती नाचत होते. आत्या म्हणजे आमच्या घरातला लाउडस्पीकर. ती हसली की समोरचे सराफ मान वर करायचे. बाबांना ती भर दुकानात 'मुक्या' म्हणायची आणि बाबा, एवढे मोठे मुकुंदशेठ, गिऱ्हाइकासमोर लाजायचे. तिच्या पोटाला कान लावून मी बाळाशी गप्पा मारायचे. तू माझ्यावर गेलंस तर तुझ्या आईचं काही खरं नाही, असं सांगून ठेवलं होतं मी त्याला.

वैशाखात तिला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करावं लागलं. बाळ राहिलं नाही. आत्याला ताप चढला, ती दोन-तीन दिवस शुद्धीवर यायची आणि जायची, आणि ती नीट जागी झाली तोवर सगळं उरकलेलं होतं. बाबा आणि आत्याचे यजमान निरंजनकाका कुठेतरी जाऊन, आंघोळ करून परत आले होते. मला कुणी काही सांगितलं नाही. आईने पाळणा शेजारी देऊन टाकला, दुपटी कुठल्याशा गाठोड्यात बांधली, आणि मला बजावलं, "तिच्यासमोर बाळाचा विषय काढायचा नाही. एक शब्द नाही. विसरू दे तिला."

आत्या घरी आली तेव्हा आई रोज संध्याकाळी मोगऱ्याची फुलं आणायची, ओंजळभर, आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. मला वाटायचं, आत्याला गजरे घालून तिचं मन रमवते. नंतर कळलं की दूध आटावं म्हणून ती फुलं छातीला बांधतात. अजूनही मोगऱ्याचा वास आला की मी खोलीबाहेर जाते.

तर आत्या विसरत नव्हती. दोन घास खायची, तेही आईने समोर बसून खायला लावले तर. केस विंचरायची नाही. श्रावण आला, पूर आला, कट्ट्यावर कमरेएवढं पाणी चढलं. आम्ही वरच्या मजल्यावर दिवस काढले, मग खाली उतरून गाळ उपसला, काउंटर उन्हात वाळवले. सगळी सांगली धावपळ करत होती आणि आत्या जिथे बसवली तिथे बसलेली. पाणी ओसरल्यावर तिला पुन्हा मागच्या खोलीत आणलं तर ती भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे तोंड करून पडली.

गौरी-गणपतीत कराडहून तिच्या सासूबाईंचा फोन आला. आई फोनवर नुसतं हो हो म्हणत होती. नंतर तिने बाबांना सांगितलं ते मी जिन्यातून ऐकलं. दिवाळीपर्यंत माणसात आली तर पाडव्याला न्यायला येतो, नाहीतर राहू दे तुमच्याकडेच, आमच्या घरात पुढे सूनबाई म्हणून कुणीतरी वावरायला हवं की नको, असं त्या म्हणाल्या होत्या. आईने भीत भीत सुचवलं की मिरजेला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू या का.

"वेडी आहे का माझी बहीण?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

बाबांचा विश्वास मोत्यावर. मन म्हणजे चंद्र, चंद्राचं रत्न मोती, मोत्याने मन थंड होतं. लोकांना हे सांगून त्यांनी आयुष्यभर अंगठ्या विकल्या, मग स्वतःच्या बहिणीसाठी गुरुजींना बोलावलं नसतं तरच नवल. पहिला अकोया घातला, शुक्ल पक्षातल्या सोमवारी, करंगळीत. काही फरक नाही. तेव्हा गुरुजींना कुठूनसं कळलं की या मोत्यांच्या आत मणी असतो. मग बाबांनी गोड्या पाण्याचा आणला, कारण त्यात बहुधा मणी नसतो, शिंपल्याच्याच कातडीचा कपटा ठेवतात. गुरुजी म्हणाले, तळ्यातला नको, भरती-ओहोटी समुद्राला येते, तळ्याला नाही. म्हणून साउथ सी. तो समुद्रातला, पण पोटात मणी. बसऱ्याचा घ्यावा तर खात्रीचा मिळेना. दोघं शहाणी माणसं डोक्याला डोकं लावून बसायची, आणि पलीकडे आत्या दिवसेंदिवस वाळत चालली होती. छतावरची पाल तेवढी तिच्याकडे बघायची, असं मला वाटायचं. मी रोज शाळेतून आले की तिच्या उशाशी बसून काहीबाही बडबडायचे, नियम पाळून. ती ऐकायची की नाही देव जाणे.

त्या साउथ सीनंतर बाबा चार दिवस कुणाकुणाला फोन करत होते. आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या सोमवारी ते भल्या पहाटे उठून, दाढी करून, नवीन सदरा घालून खाली उतरले. किती महिन्यांनी त्यांना शीळ घालताना ऐकलं.

गुरुजी आले. या वेळी बाबांनी आत्यालाही बाहेर आणायला सांगितलं. आईने तिला हाताला धरून गादीवर आणून बसवलं. अंगात आईचंच जुनं पोलकं, कारण तिचं स्वतःचं कुठलंच आता अंगाला बसत नव्हतं. मला निरांजनाचं तबक धरून खाली जमिनीवर बसवलं होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं.

बाबांनी डबी उघडली. आत जरा वेडावाकडा, पाकळीसारखा मोती होता. गोल नव्हता, पण त्याची झळाळी अशी की बाकीचे मोती त्याच्यापुढे चुन्याचे वाटावेत.

"केशी," बाबा म्हणाले. "समुद्रातलाच. आणि पोटात मणी नाही."

गुरुजींनी तो डोळ्यांपाशी धरला. मणी नाही, मग झाला कसा, असं त्यांनी विचारलं. बस, बाबांना एवढंच हवं होतं. ते सरसावून बसले. गिऱ्हाइकाला सांगतात तसं, हात हलवत, रंगून.

"शिंपला चिरून मणी ठेवलेलाच असतो, गुरुजी. पण एखाद्याला तो पेलत नाही. आतून नको होतो. मग शिंपला तो मणी बाहेर टाकतो. मणी गेला. पण शिंपल्याला कुठलं कळायला? त्याचं काम चालूच. त्या रिकाम्या जागेभोवती तो थरावर थर चढवत बसतो, वर्ष वर्ष. त्याचा हा मोती. निव्वळ शिंपल्याच्या अंगचा. पोटात काही म्हणजे काही नाही."

"वा," गुरुजी म्हणाले. "समुद्राचाही झाला आणि पोटही रिकामं. हाच हवा होता."

त्यांनी तो दुधात सोडला आणि आत्याला हात पुढे करायला सांगितलं. आत्याने उजवा हात पुढे केला. मी खाली बसले होते म्हणून मला दिसलं, बाकी कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तिचा डावा हात पदराखाली पोटावर होता, खाली, टाके घातलेल्या जागी. आणि तो तिथे काहीतरी चाचपत होता.

"दादा," आत्या म्हणाली.

आई दचकली. दादा, ही हाक कितीतरी महिन्यांत ऐकली नव्हती. आणि मुक्या म्हणणारी आत्या बाबांना दादा तेव्हाच म्हणायची, जेव्हा तिला काहीतरी मनापासून हवं असायचं.

"दादा, टाकलेला मणी कुठे जातो?"

बाबांचा चेहरा असा फुलला. बोलली, बहीण बोलली, आणि तीही मोत्याबद्दल. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, म्हणजे बघा, अजून घातलाही नाही आणि गुण आला. मग ते हसत हसत म्हणाले, जाणार कुठे, पडतो तळाशी, वाळूत.

"कुणी शोधत नाही?"

"छे गं. काय करायचंय त्याला शोधून? ती कामाची वस्तू नाही."

आत्याने पुढे केलेला हात हळूहळू मागे घेतला. बाबा तिला अजून समजावत होते. जाळ्या कशा टांगतात, पाणी कसं बदलतं, बोटी कशा येतात. गुरुजींनी मंत्र म्हणायला घेतला होता. आई डोळे पुसत हसत होती. सगळ्यांना वाटत होतं चांगलं चाललंय. आणि मला आत्याचा तो पदराखालचा हात दिसत होता, आणि मला एकदम, कसं ते सांगता येणार नाही, पण अंधाऱ्या खोलीत दिवा लागल्यासारखं लख्ख समजलं.

"बाबा," मी म्हणाले, "ती मोत्याचं विचारत नाहीये."

मंत्र थांबला. आईने माझं नाव घेतलं, नुसतं नाव, पण त्यात ऊठ, आत जा, तोंड बंद कर, सगळं होतं. मी उठले नाही.

"बाबा, तिला बाळ कुठेय ते विचारायचंय."

बाहेरचा रिक्षावाला कुणाशी घासाघीस करत होता ती शब्द न शब्द ऐकू आली. बाबा डब्या सरळ करायला लागले. सरळच असलेल्या डब्या.

"सुनू," ते म्हणाले, "ते सगळं आता कशाला. त्रास होतो उगाच. तू हे घाल, आणि..."

"पोरगी बरोबर बोलतेय," आत्या म्हणाली. तिचा आवाज वापरात नसल्यामुळे घोगरा झाला होता. "कुठे नेलंत? कुणी नेलं? मी झोपले होते, म्हणून मला विचारायचंच नव्हतं का? अरे, मुलगा होता की मुलगी, एवढं तरी मला कुणी सांगितलंय का?"

आईने तोंडावर हात ठेवला. तिला वाटत होतं निरंजनकाकांनी सांगितलं असेल. काकांना वाटलं होतं, वहिनी सांगतील, बाईमाणूस आहेत. बाबांना वाटलं होतं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि त्यानंतर तर विषयच काढायचा नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तिच्या भल्यासाठी. वैशाखापासून आश्विनापर्यंत त्या खोलीत पडून ती एवढ्याच प्रश्नाचं उत्तर कुणी देतंय का, याची वाट बघत होती.

"मुलगी," बाबा म्हणाले.

आत्याने मान हलवली. जणू हिशेब जुळला. मग ती स्वतःची स्वतः उठली, भिंतीला धरून, आणि पायात चपला घालायला लागली. गुरुजींनी दुधाची वाटी झाकली. ते वाईट माणूस नव्हते. जाताना आईला हळूच म्हणाले, आज राहू द्या, मुहूर्त पुन्हा बघू. तो मुहूर्त त्यांनी परत कधी काढला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण नदीवर जे झालं त्याच्यानंतर मला काही सांगायचं नाही. त्या दिवाळीत आत्या कराडला गेली नाही. पाडव्याला निरंजनकाका आले, पण न्यायला नाही. दोघं मागच्या खोलीत दार लावून बसली आणि काकांच्या रडण्याचा आवाज वरपर्यंत आला. मिरजेच्या डॉक्टरांकडे आई तिला घेऊन जायची, बाबा बाहेर बाकावर बसायचे. ती सासरी गेली पुढच्या उन्हाळ्यात, स्वतःहून. पूर्वीसारखी हसते का? नाही. मी उगाच गोड बोलणार नाही. पण जेवते, भांडते, मला फोनवर गणितात किती पडले विचारते.

तर रिक्षात बाबा, आत्या आणि मी. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, मी चढून बसले, एवढंच. स्मशानाच्या शेडच्या पलीकडे बाभळी आहेत, तिथे लहान मुलांना ठेवतात. मोठ्यांसारखं जाळत नाहीत त्यांना, पुरतात. हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारचं ऊन होतं. बाबा पुढे चालत होते. बाभळींपाशी पोचल्यावर ते एका झाडाशी थांबले, मग दुसऱ्या. मग पाच-सहा पावलं नदीकडे, मग परत. पुराने सगळीकडे गाळ पसरून ठेवला होता, आणि गाळावर पोपटी गवत उगवलं होतं, सगळीकडे सारखं.

"मी दगड ठेवला होता, सुनू. खूण म्हणून. चांगला मोठा." ते पायाने गवत बाजूला सारत होते. "पाणी उतरलं तेव्हा मी दुकानात नंतर गेलो. आधी इथे आलो. गुडघाभर चिखल होता. हातांनी उकरून बघितलं. सापडला नाही गं."

म्हणजे बाबांना माहीत होतं. त्या ओलसर दुकानात बसून, लोकांना मोती दाखवताना, गुरुजींशी वाद घालताना, त्यांना रोज माहीत होतं. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

आत्या गवतावरून नजर फिरवत राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं आता ती कोसळेल. ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"केस होते?"

"होते. भरपूर. काळेभोर."

"कुणासारखी होती?"

बाबांनी आत्याकडे बोट केलं.

"तूच आणलंस का तिला इथे? की निरंजनने?"

"मीच. त्यांना धरवत नव्हतं. दवाखान्यापासून इथवर मीच."

"कसं धरलं होतंस?"

बाबा गोंधळले. मग त्यांनी डावा हात कोपरात वाकवला, छातीपाशी आणला, उजव्या हाताचा तळवा त्याच्या खाली घेतला आणि अंगठा थोडा वर, असं जरासं डोकं टेकावं इतकी जागा ठेवून. ज्या बोटांनी ते मोती उचलतात तीच बोटं, पण मोत्यासाठी मी ती कधी अशी वळलेली बघितली नव्हती. त्यांच्या हातांत काही नव्हतं आणि तरी ते जपून उभे होते.

आत्या जवळ गेली. वाकून तिने त्या जागेकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाबांचे हात भरून आले असावेत, कारण ते खाली घ्यायला लागले.

"थांब, दादा," आत्या म्हणाली. "अजून थोडा वेळ धर."